पुसू न दिलेला पाय

—नाही म्हणजे नाही, नोएलिया. स्पॅनिशमधून सांगून झालं, आयमारातून सांगून झालं, आता काय त्या लामा जनावरासारखी थुंकून सांगू? त्या खोक्यावर नको बसूस, त्याचा एक पाय मोडलाय — हो, त्याचाही — इकडं ये, या पोत्यावर बस, आत कोकाची पानं आहेत, मऊ लागतील. आधी श्वास घे. केबलकारमधून उतरून इथवर चालत आलीस, त्यात ती जड पेटी खांद्याला, त्यात बाजाराची गर्दी. डॉक्टर इरियार्ते स्वतः नाही आला. कसा येईल? त्याला ठाऊक आहे, दोन्या बासिलियाच्या, म्हणजे माझ्या, टपरीवर येऊन मलाच पाय कापून घे म्हणून सांगायचं, तर आजूबाजूच्या बायका कांदे फेकून मारतील. म्हणून तुला, नर्सला, पाठवलं. तू गोड बोलतेस, तू मला मावशी म्हणतेस. तो मला आजी म्हणतो. त्याची आजी होण्याइतकी म्हातारी झाले का मी? — बरं, झाले असेन, पण त्यानं का म्हणावं? दे तो कागद इकडं. मंगळवारी पाय कापणार आणि खाली मी सही करायची, असाच ना? ठेवते या डब्याखाली, वारा सुटलाय. ठेवला म्हणजे सही केली असं नाही. मी उडू दिला नाही, एवढंच.

बारा. पायाला मशीन लावलं तर बारा आला म्हणे आकडा. चाळीस असता तर पाय राहिला असता, तिसाच्या खाली गेलं की जखम भरायची नाही, आणि बारा म्हणजे तर डॉक्टरनं माझ्याकडं बघणंच सोडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलायला लागला — कातडीला ऑक्सिजन पोचत नाही, आजी, पुढचं अर्धं पाऊल मेल्यात जमा आहे. मेल्यात जमा, आणि मी त्याच पावलावर त्याच्यासमोर उभी. मला एक सांग, ते चाळीस नि तीस ठरवले कुणी? समुद्रकाठच्या लोकांनी. ते इथं विमानातून उतरतात तेव्हा बघितलंयस का त्यांना? चांगले बैलासारखे गडी, पिशवी उचलून दोन पावलं टाकली की ओठ निळे. इथली हवाच पातळ, तर आमच्या कातडीत त्यांच्याएवढा ऑक्सिजन येणार कुठून? आणि तेवढ्यावरच तर आम्ही पोरं काढली, ओझी वाहिली, नाचलो. — काय? इथल्या उंचीचा हिशेब धरलाय? धरला असेल. मला नाही दाखवला. आणि ते मशीन तरी कसलं गं, ती गोल कडी तरी धड चिकटत होती का पायाला? दोनदा निसटली, मग तू वरून पट्टी मारलीस. कडीत बसवलेलं ते बटण गरम झालं, आकडा वर गेला, खाली आला, आणि तू सारखं आपलं — मावशी, बोलू नका, मावशी, बोलू नका. बोललं की आकडा हलतो म्हणे. मग मी बाजारात कधीच मरायला हवं होतं.

हसू नकोस. म्हणजे हस, हसलीस की बरी दिसतेस, पण मला पटवायला आलीयस हे विसरले नाहीये मी. तू एलेउतेरियोला ओळखत नाहीस. किल्ल्या बनवायचा, समोर त्या निळ्या ताडपत्रीखाली त्याची जागा. त्यालाही माझ्यासारखी साखर. आधी अंगठा काढला, म्हणाले झालं. मग पाऊल काढलं, म्हणाले आता झालं. मग गुडघ्याखाली. आता लेकीच्या अंगणात असतो, सकाळी उन्हात नेऊन ठेवतात नि संध्याकाळी उचलून आत आणतात, आपण चुन्यो वाळत घालतो ना बटाट्यांचे, तसा. मी गेले होते बघायला. मला म्हणाला, बासिलिया, किल्ल्यांचा आवाज ऐकू येत नाही इथं. बस, एवढंच म्हणाला. आणि तुम्ही मला सांगता फक्त पुढचं अर्धं पाऊल. फक्त. ही टपरी मी उभ्यानं चालवते पोरी, बसून मलम विकलं जात नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालावे लागतात. आणि ग्रान पोदेरच्या सणाच्या मिरवणुकीत मी पहिल्या रांगेत नाचते, माझा घागरा फिरतो तेव्हा मागच्या बायकांना रस्ता दिसत नाही. अर्ध्या पावलावर कोण गिरकी घेतं, सांग. घेतं का कोणी?

थांब, गिऱ्हाईक आलंय. — या बाबा, या. गुडघा का? नाही, टाच? पायाला मुंग्या येतात, गार पडतो? मग हा पांढरा डबा. लामाची चरबी, शुद्ध, त्यात कोकाची पानं उकळून, त्यात कापूर. रात्री चोळायचं, वरून मोजा. सकाळी पाय तुमच्याशी बोलेल. कातडीची सगळी भोकं उघडतात, बाबा, पायाला श्वास फुटतो — हे माझं नाही, आख्ख्या एल आल्तो शहराचं म्हणणं आहे. वास घ्या. घ्या तर. — हो हो, वर थोडं घालते की, मला काय तुम्ही नवीन आहात का, हे घ्या, कागदात बांधून देते, नातवाच्या छातीला लावा. देव भलं करो. — अशी काय बघतेस गं माझ्याकडं? खोटं बोलले का मी काही? माझ्या आईनं हेच विकलं, मी हेच विकते. त्या तुझ्या मशीनला काय कळतंय श्वास कशाला म्हणतात ते.

आणि मी काही तुमच्या दवाखान्यात गबाळ्यासारखी आले नव्हते. ते तरी कबूल कर. तिथं बाकावर बायका बसल्या होत्या, मोज्यांना भोकं, टाचा अशा निबर की विस्तव ठेवला तरी कळू नये. मी तयारी करून आले होते. तपासणीचा तुझा फोन आला त्या दिवसापासून. रोज रात्री कोमट पाण्यात पाय, मग दगडानं घासायचा — जखमेपासून दूर गं, तेवढी अक्कल आहे मला, जखमेला मी काही लावलं नाही, तिथं तूच बांधलेली पट्टी होती — मग माझंच मलम, हा पांढरा डबा, बोटभर जाड, पावलाच्या पाठीवर, घोट्यापर्यंत, आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट, वरून लोकरी मोजा, आणि झोपायचं. सकाळी उठावं तर कातडी अशी मऊ की माझीच मला ओळखेना. आणि त्या दिवशी सकाळी केबलकारमध्येसुद्धा, म्हटलं चालून धूळ बसली असेल, तर मोजा खाली केला नि पुन्हा एकदा चोळलं. समोरचा साहेब नाकाला रुमाल लावून बसला कापराच्या वासानं. लावू दे. पाय नुसता चमकत होता, पॉलिश केलेल्या बुटासारखा. तू म्हणाली नव्हतीस का — मावशी, पाय किती छान ठेवलाय. म्हणाली होतीस. मग अशा पायाला तुम्ही मेलेला म्हणता?

काय झालं? — अगं काय झालं, अशी दचकलीस का? ठसका लागला का?

त्या दिवशी? हो, त्या दिवशीच म्हणतेय, मशीन लावलं त्या दिवशी. — नाही, तू नव्हतं विचारलंस. — बरं, विचारलं होतंस. तू विचारलंस, मावशी, पायाला काही औषध वगैरे लावलंय का. मी म्हटलं नाही. खोटं कुठं बोलले? औषध कुठं लावलं होतं? औषध म्हणजे तुमच्या त्या नळ्या, पिळून काढायच्या. हे तर माझं मलम. हे मी दुसऱ्याला देते तेव्हा औषध असतं. स्वतःच्या पायाला लावते ते आपलं — तू नाही का केसांना काही लावून येत दवाखान्यात? ते सांगत बसतेस का कुणाला? आणि लावलं तर लावलं, त्याचा मशीनशी काय संबंध? चांगल्या पायाला आकडा चांगलाच यायला हवा.

सांग. मला समजेल असं सांग, डॉक्टरसारखं कॅलेंडरकडं बघून नको. — हं. — बटण कातडीला लागायला हवं, मधे काही नको. — हं. — आणि मधे चरबीचा थर असला की कातडीतून आलेला ऑक्सिजन तिथंच अडतो, वर बटणापर्यंत पोचतच नाही, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवून वर हात धरायचा नि म्हणायचं वाफ येत नाही. असंच ना? म्हणून कडी निसटत होती? — आणि कोकानं काय? आकसतात? बारीक नसा आकसतात. कदाचित, म्हणतेस. पक्कं नाही सांगत. — ते मात्र मला ठाऊक आहे, तू नको सांगूस, पानं गालात धरली की हिरडी बधिर होते नि पांढरी पडते, मीच लोकांना दाखवते की ओठ उलटा करून. पण ते तोंडात. पायाच्या कातडीतून एवढं आत — हां, प्लास्टिक. रात्रभर प्लास्टिक. आणि इतक्या रात्री. म्हणजे जितकी मी त्याची काळजी घेत होते तितका मी त्याचा गळा धरत होते, असं म्हणायचंय तुला? माझ्या टपरीवर, माझ्या पोत्यावर बसून?

नाही, तू तसं म्हणाली नाहीस. मी म्हणाले.

बरं, मग तू का नाही पुसलास? हां, आता बोल. तुझ्या हातात कापूस होता, स्पिरिट होतं, मला आठवतंय, वास आला होता. तू पुढं आलीस नि म्हणालीस पाय पुसते, मावशी. आणि मी पाय ओढून घेतला. मी म्हणाले स्वच्छ आहे, पुसायचं काही कारण नाही. ओरडलेच मी. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आणि तू, आईबापानं नीट वाढवलेली पोर, मोठ्या बाईला उलट कशी बोलणार, तू कापूस ठेवून दिलास नि तसंच बटण लावलंस. आणि आकडा डॉक्टरला सांगितलास, आणि हे नाही सांगितलंस. मला बोलायला आलीस होय? तुझ्या डोक्यात ते तेव्हापासून आहे ना? कडी निसटली तेव्हापासून. म्हणून मघापासून सहीचं एकदाच बोललीस नि मशीनची पेटी मांडीवर घेऊन बसलीस. पुढं कुणा शिंप्याचा पाय तपासायला जायचंय म्हणे पेटी घेऊन. शुक्रवारी कुठला शिंपी घरी असतो? आज सगळे शिंपी या बाजारात आहेत, मागच्या ओळीत.

रडू नकोस. शेजारची प्लासिदा बघतेय. तिला वाटेल मी तुला मारलं. प्लासिदा, तू तुझ्या जडीबुटी बघ, इकडं काही नाही.

का ओढून घेतला पाय — ते तू विचारलं नाहीस. विचारणारही नाहीस, तुझा तो स्वभाव नाही. मला पण सांगायचं नाहीये. — ते वाळवलेले बटाटे बघतेस ना, त्या समोरच्या बाईच्या पोत्यातले, काळे, दगडगोट्यांसारखे? चुन्यो कसा होतो, ठाऊक आहे का तुला, का शहरातच वाढलीस? जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, बटाटे उघड्यावर टाकायचे, रात्रीत दगड होतात, सकाळी ऊन लागलं की मऊ पडतात, आणि मग त्यांच्यावर चढायचं. अनवाणी. बुटानं जमत नाही, बोटांना कळावं लागतं पाणी कुठं राहिलंय. तुडवायचे, साल निघेपर्यंत, पाणी निघेपर्यंत. गोठलेलं पाणी गं, पायाखालून वाहतं. मला चालता यायला लागलं तेव्हापासून आमच्या घरचे बटाटे मी तुडवलेत. त्यानं भेगा पडतात. नुसत्या टाचेला नाही, वर, इथं, पावलाच्या पाठीवर, बोटांच्या मधे, नांगरलेल्या रानासारख्या. त्या भरत नाहीत. मोठी झाले, बूट घातले, तरी नाही भरल्या.

मग मला खाली ठेवलं कामाला, लापाझमध्ये, सेन्योरा आम्पारोकडं. मोठं घर, लाकडी जमीन, आरशासारखी घासायची, ती मीच घासायची. मारायची नाही हां ती. ओरडायचीसुद्धा नाही. एकदा पाहुणे यायचे होते तर तिनं माझ्या पायांकडं बघितलं, आणि आत गेली, आणि वर्तमानपत्रं घेऊन आली. स्वयंपाकघरापासून जेवणाच्या टेबलापर्यंत तिनं एकेक पान अंथरलं, स्वतःच्या हातानं, वाकून. म्हणाली, बासिलिया, तू यावरून चाल. आणि नंतर मग रोजच. मी वाढायला निघाले की पायाखाली कागद वाजायचा नि टेबलावरचं बोलणं थांबायचं. मी रडले नाही. मी तेव्हाच ठरवलं, शिकल्यासवरल्या माणसाला माझा कोरडा पाय पुन्हा दिसायचा नाही. आमच्या गावाकडच्यांना दिसू दे, तुझ्यामाझ्यासारख्यांना — तू नाही, तू शिकलीस. म्हणून हे मलम. लोक मला विचारतात, दोन्या बासिलिया, इतकं चांगलं मलम कसं शिकलात. आईनं शिकवलं, सांगते. आईनं शिकवलं ते खरं, पण त्यात जीव ओतला तो त्या कागदाच्या आवाजानं.

आणि त्या दिवशी तुमच्या खोलीत मी पलंगाजवळ आले, आणि तू तो मोठा कागदाचा गुंडाळा ओढलास नि पलंगावर कागद अंथरलास. सगळ्यांसाठी अंथरता. ठाऊक आहे मला, बाकावर बसून बघत होते की. माझ्या आधीच्या बाईसाठीही अंथरलास. पण माझा पाय त्यावर पडला नि तो वाजला. तसाच वाजला. आणि तेवढ्यात तू कापूस घेऊन आलीस, म्हणालीस पुसते. म्हणजे ही सगळी चमक तू पुसणार आणि खालचा पाय त्या कागदावर उघडा पडणार, दिव्याखाली, डॉक्टर आत यायच्या आत. नाही पुसू दिला मी. आज पुन्हा तसंच झालं असतं तर आजही नसता पुसू दिला. — दिला असता का? आता काय सांगू. पाय जाणार हे ठाऊक असतं तर — तरी लगेच नसता दिला. हे लिहून घेऊ नकोस.

या बाई. पांढरा डबा? कशाला हवाय, कंबरेला? कंबरेला चांगलं आहे, घ्या. चोळून चोळून लावा. — पायाला? पायाला श्वास? कुणी सांगितलं? — बरं, मी सांगितलं असेल. कंबरेला लावा, खांद्याला लावा, पायाला गरम वाटतं तेही खरं. श्वासाचं मला विचारू नका आज. आणि दवाखान्यात जाणार असाल तर धुवून जा, साबणानं, आणि त्यांनी विचारलं काय लावता तर सांगा की बासिलियाचं मलम लावते. लाजू नका. सांगा. — गेली. बघितलंस? अर्धवट समजलं तिला. डबा घेतलाच नाही. तुझ्यामुळं माझं गिऱ्हाईक गेलं. तर गेलं.

काढ ती पेटी.

नाही, इथंच. दवाखान्यात येईन नंतर, तिथंही लाव, डॉक्टर बघेल, कॅलेंडर बघेल, सगळे बघा, पण आधी इथं. तिथं तू कागद अंथरशील. — आडवं पडायला हवं? ही पोती जोड, ती पण, हां. थंडी नको? ऊन आहे, आणि ती घोंगडी टाक माझ्यावर, गुडघ्यापर्यंत, पाय उघडा ठेव. हे बघ, हसशील, पण तुझा डॉक्टर पाय जाणार म्हणाला त्या दिवसापासून मी त्या पायाला हात लावलेला नाही. पाणी नाही, दगड नाही, मलम नाही. रुसले होते मी त्याच्यावर. इतकं केलं तुझं, म्हटलं, आणि तू बारा देतोस? तर आता तो कसा दिसतो ते मी सुद्धा बघितलं नाही. मोजा तू काढ. मी नाही काढत. — थांब. थांब जरा. — काढ.

प्लासिदा, इकडं ये. ये, लांबून मान कशाला वाकडी करतेस, बघायचं तर नीट बघ. आणि तूही, कांदेवाली, तूही ये. हे बासिलियाचे पाय. मलमवालीचे. बघितलेत का कधी? इतकी वर्षं शेजारी बसता, बघितलेत का? ही बघा भेग, यात नाणं बसेल. ही माझ्या आईच्या घरच्या बटाट्यांची. — प्लासिदा, तोंडावर हात नको धरूस. म्हणजे काय, तुझेही असेच? दाखव. — खरंच गं, तुझेही असेच. मेली, आणि मला कधी बोलली नाहीस.

स्पिरिट तुझं ठेव, हे घे, ही दारूची बाटली, धरतीआईला शिंपडायची. आज शुक्रवार, सकाळीच शिंपडलंय, अर्धी उरलीय, कडक आहे, श्वास रोखून उघड. ती रागावणार नाही, तिच्याच मातीवर चाललेला पाय आहे. पूस. — गार लागतंय. जोरात पूस, मला दुखत नाही. — हो, दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही, ठाऊक आहे, पूस. — कापूस बघू. पिवळा? इतके दिवस हात लावला नाही तरी अजून चरबी निघतेय? मग त्या दिवशी काय असेल. पुन्हा पूस. नवीन कापूस घे, कंजूषपणा करू नकोस. — अजून पिवळाच. पूस. मी ओढत नाही पाय. ओढला तर प्लासिदा, धर. — आता? — आता पांढरा. दाखव सगळ्यांना. पांढरा आहे ना? पाय कोरडा आहे. कुरूप आहे नि कोरडा आहे, आणि माझा आहे. लाव तुझी कडी.

चिकटली. एका फटक्यात चिकटली गं, बघ, चिकटली. गरम होतंय. तेव्हाही असंच झालं होतं, पण तेव्हा लांबून झाल्यासारखं वाटलं होतं.

ऐक, नोएलिया. आता तू म्हणशील मावशी बोलू नका, त्याआधी सांगते. मला भीती वाटतेय. इतका वेळ तुझ्याशी भांडत होते ते म्हणून. आकडा चांगला आला तर तू डॉक्टरला जाऊन सांगायचं की मी पुसू दिला नव्हता, आणि तुझी चूक माझ्यावर घालायची, सगळी, मी निस्तरते. आणि आकडा पुन्हा बाराच आला — मलमाशिवाय, बोलण्याशिवाय, उन्हात, कोरड्या पायावर — तर तो माझ्या पायाचाच आकडा. मग मशीनला मी काही म्हणणार नाही. तो कागद डब्याखाली आहे. मी अजून नाही म्हणतेय, लक्षात ठेव, मी आत्ता या क्षणाला नाहीच म्हणतेय. पण डब्याखाली आहे. आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. कानात नाही. कॅलेंडरकडं बघून नाही.

किती वेळ गप्प राहायचं? — तेवढा? मी? लग्नातसुद्धा राहिले नव्हते. बरं. प्लासिदा, गिऱ्हाईक आलं तर तू बघ. मी आता बोलणार नाही.